डोंगर जळून गेल्यावर आपल्या लाडक्या जागेवर परत कधी जायचं, कसं जायचं

फेब्रुवारी लागला की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एक तरी फोटो येतोच. रात्रीच्या अंधारात डोंगराच्या कडेनं तांबडी माळ लावल्यासारखी दिसत असती आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतंय, "अरे हा आपला सडा ना?" पोटात खड्डाच पडतो. कोल्हापुरात प्रत्येकाची अशी एखादी जागा असतीच, कुणाची जोतिबाच्या मागं, कुणाची गगनबावड्याच्या घाटात, कुणाची राधानगरीकडं. माझी पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठाराच्या अंगाला आहे, माझ्या आजोळच्या गावामागं. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, सड्याखालच्या घळीत एक झरा, झऱ्यावर जुनं जांभळाचं झाड, आणि झाडासमोर एक मोठा दगड ज्याच्यावर बसून आम्ही भावंडं मामीनं बांधून दिलेली भाकरी आणि खर्डा खायचो.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये हे सगळं एका रात्रीत जळालं, आणि त्यानंतर मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं, म्हणून हे लिहितोय. दुसऱ्याच दिवशी सकाळी धावत वर गेलो, चटके खाऊन आलो. पंधरा दिवसांनी वीस रोपं घेऊन गेलो आणि भर उन्हात सड्यावर पहारीनं खड्डे काढून लावली, मे महिन्यापर्यंत एक पण राहिलं नाही. मामा तेवढंच म्हणाले, "बाळा, सड्यावर कधी झाड बघितलंयस का तू?" खरंच बघितलं नव्हतं. वीस वर्षं जातोय त्या जागेवर आणि ती जागा मुळात काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

तर माझं सांगणं एवढंच की जायचं, नक्की जायचं, पण एकदा जाऊन रडून यायचं नाही, वर्षभरात चार-पाच वेळा त्याच दगडावर जाऊन बसायचं. आणि पहिल्या वेळी हातात रोप न्यायचं नाही.

आधी घरात बसून करायची कामं

पहिलं म्हणजे नेमकं काय आणि कधी जळलं ते बघा. नासाचा फर्म्स नावाचा नकाशा मोबाईलवर फुकट उघडतो, उपग्रहाला जिथं आग दिसली तिथं लाल ठिपका येतो, तारीख पण दिसती. फक्त एक लक्षात ठेवा, तो ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन असतोय, तुमचं झाड जळलं का नाही ते त्याच्यावरून कळणार नाही, आणि गवताची छोटी आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लागून विझली तर ठिपका येणारच नाही. आपल्या डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची पण अशीच सूचना सेवा आहे, नाव नोंदवलं की आपल्या भागात आग दिसल्यावर मेसेज येतो. ज्याला डोंगराची काळजी आहे त्यानं हे करून ठेवावंच.

दुसरं, गावात फोन करा. नकाशापेक्षा गुराख्याला जास्त माहिती असती. आग कुठून चढली, कुठं थांबली, अजून धूर आहे का, हे विचारा. जागा वनखात्याची असली तर तिथल्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय जायचं नाही, कारण आगीची चौकशी चालू असताना आपण तिथं फिरत असलो तर त्यांना पण त्रास आणि आपल्याला पण. राधानगरीसारख्या अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊल टाकायचंच नाही. तिथं गवे आहेत, आगीनं बिथरलेला गवा नेहमीच्या वाटेवर सापडंलच असं नाही.

किती दिवस थांबायचं? नुसत्या गवताची आग असली तर माझ्या मते निदान आठवडाभर, घळीत झाडं जळली असली तर दोन-तीन आठवडे. गवत तासाभरात जळून थंड होतं पण वाळकं शेण, वठलेला बुंधा, जमिनीखालची जाड मुळी हे आतल्या आत धुमसत राहतं, बुंधा तर कित्येक दिवस. पठारावर गुरं चरतात म्हणजे वाळकं शेण सगळीकडं पडलेलं असतंय, वरून राखाडी दिसतं आणि पाय पडला की आत निखारा.

पहिली फेरी, काळ्या डोंगरावर

पहाटे निघा आणि दहाच्या आत खाली या. काळी जमीन ऊन शोषून घेती, वर सावली नाही, अकरानंतर तिथं उभं राहवत नाही. अंगात जाड सुती कपडे, लांब बाह्या, पायात जाड तळव्याचे बूट. चप्पल नको आणि रबराच्या तळव्याचं हलकं सँडल तर नकोच, माझ्या सँडलचा तळवा निखाऱ्यावर वितळला होता. नाकातोंडाला मास्क किंवा ओला रुमाल, कारण वाऱ्यानं राख उडती आणि घसा धरतो. पाणी नेहमीच्या दुप्पट. एक काठी. आणि एकटं जायचं नाही.

काठी कशाला, तर पुढची जमीन ठोकून बघायला. जाड मूळ आत जळून गेलं की तिथं पोकळी राहती आणि वर राखेचा पातळ थर, दिसत काहीच नाही, पाय गुडघ्यापर्यंत आत. बुंध्याला किंवा जमिनीला हात लावायच्या आधी हाताची मागची बाजू त्याच्या जवळ धरून ऊब लागती का बघा. उतारावर एकाच्या मागं एक चालू नका, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेले दगड आता मोकळे झालेले असतात, वरच्याच्या पायानं सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो. जळक्या झाडाखाली बसायचं नाही, फोटोसाठी पण नाही, वाऱ्याची झुळूक नसताना पण फांदी खाली येती. आग्या मोहळाचं झाड माहीत असंल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

आणि वर असताना कुठं नवीन धूर दिसला तर बघत थांबू नका. आग चढाला जोरात पळती, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीच राहायचं नाही, बाजूला सरकायचं नाहीतर आधीच जळून थंड झालेल्या काळ्या भागात यायचं, आणि वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री नंबरला फोन लावायचा. हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, वर गेल्यावर आठवत नाही.

आता खरं काम, म्हणजे बघायचं कसं.

पहिल्यांदा वाटतं सगळं संपलं. मला तसंच वाटलं होतं, मी दगडावर बसून मामीला फोन केला आणि बोलताच येईना. त्या वेळी काही करू नका, बसा, रडू आलं तर रडा. वडीलधाऱ्यांना पहिल्याच फेरीला घेऊन जायची घाई करू नका, माझ्या आज्जीला आम्ही पावसाळ्यातच नेलं आणि ते बरं झालं असं मला आज पण वाटतं. लहान पोरांना पण हिरवं फुटल्यावर न्या.

बसून झालं की राखेचा रंग बघा. काळी राख म्हणजे आग वरच्यावर पळत गेली. जिथं पांढरी राख आहे तिथं आग थांबून, जास्त तापून जळली, बहुतेक तिथं लाकूड किंवा पाल्याचा ढीग असणार. सड्यावर शक्यतो काळीच मिळती आणि ही चांगली बातमी आहे, कारण माती उष्णता लवकर आत सोडत नाही, गवताच्या पळत्या आगीत जमिनीखाली दोन-तीन बोटांवर फारसं काही तापत नाही. आपल्या सड्यावरच्या फुलांची निम्मी दुनिया तर जमिनीखालीच झोपलेली असती, कंद आणि गड्डे, मार्चमध्ये वर काही नसतंच. कंदीलपुष्पाचा कंद, दीपकाडीचा कांदा, मुसळीची मुळं, सगळं खाली. म्हणून काळा सडा बघून रडायचं ते घळीसाठी रडा, सड्यासाठी नको.

घळीत मात्र नीट बघावं लागतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, कुंभ्याची पण जाड, पळस तर असल्या आगी सोसून उभा राहतो. यांचं बाहेरचं काळं झालेलं बघून घाबरू नका. पातळ सालीच्या अंजनीसारख्या झाडांचं आणि दोन-चार वर्षांच्या रोपांचं मात्र खरं नुकसान होतं. झाड जिवंत आहे का बघायचं असंल तर बारीक फांदीवर नखानं एवढंसं खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे. फांदी वाकली तर जिवंत, काटकन मोडली तर ती फांदी गेली, पण फांदी गेली म्हणजे झाड गेलं नाही. एक अख्खा पावसाळा गेल्याशिवाय कुठल्याच झाडाला मेलं म्हणायचं नाही आणि कुणाला तोडू पण द्यायचं नाही. खरंच वठलं तरी उभं राहू दे, सुतार पक्षी आणि पिंगळे त्यातच घर करतात.

जमिनीवर पाऊल टाकताना पण बघून टाका. टिटवी उघड्या मोकळ्या जमिनीवरच अंडी घालती, दगडाच्या रंगाची, आणि तिला जळलेली जागा चालती. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत असली तर आलात तसे मागं फिरा.

त्याच दगडावरून त्याच चौकटीत फोटो

हे मी पहिल्या फेरीला केलं नव्हतं आणि त्याची मला फार हळहळ वाटते. एक जागा ठरवा, म्हणजे माझ्यासारखा दगड असला तर उत्तम, त्याच्यावर उभं राहून तोच डोंगर, तेवढ्याच उंचीवरून, शक्यतो त्याच वेळेला फोटो घ्या. जुने फोटो असतील तर ते काढून तीच चौकट पकडा, खूण म्हणून झाडाला खिळे, तारा, रंग असलं काही न लावता. मग सड्यावर आणि घळीत एक-एक मीटरचा चौकोन चार दगड ठेवून आखा, आणि दर फेरीला त्यात किती कोंब आहेत, कशाचे आहेत ते वहीत लिहा. नाव माहीत नसंल तर फोटो काढा. ही वही दोन वर्षांनी तुम्हाला जे सांगंल ते कुठल्याच तज्ज्ञाला तुमच्या जागेबद्दल सांगता येणार नाही.

रोपं नकोत, वैरण न्या

वणव्यात धनगरवाड्यावरच्या आणि डोंगराखालच्या लोकांची कापून ठेवलेली गवताची गंजी जळती, चराऊ गवत जातं, आणि पुढं पाऊस पडेपर्यंत जनावरांना घालायचं काय हा प्रश्न त्यांच्यापुढं पहिल्याच दिवशी उभा असतोय. आपण मात्र शहरातून रोपं आणि बॅनर घेऊन जातो. त्यापेक्षा एक टेम्पो कडबा न्या, हंगाम चालू असंल तर उसाचं वाडं म्हणजे हिरवे शेंडे न्या, कोल्हापुरात वाड्याला तोटा नाही. आम्ही मामाला विचारून चार घरांत पोचवलं. नंतर त्याच घरातल्या एका आज्जीनं मला झऱ्याची जुनी वाट दाखवली.

सड्यावर झाडं का नकोत ते पण सांगतो. तिथं जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे, ती जागा गवताची आणि फुलांची आहे, झाडांची नव्हतीच. खड्डे पाडले की पावसात साठणाऱ्या पाण्याची ठिकाणं बिघडतात, आणि तीच ठिकाणं सीतेची आसवं आणि गेंदाची फुलं येण्याची. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या बियांचे गोळे करून फेकायचे कार्यक्रम तर माझ्या मते बंदच व्हायला पाहिजेत. घळीत लावायचंच असंल तर वनखात्याला विचारून तिथलंच जांभूळ, हिरडा, ऐन, ते पण पावसाळ्यात. पण सांगू का, जळलेल्या बुंध्यातून आपोआप आलेल्या फुटव्याला मुळं जुनी आणि खोल असतात, आपल्या पिशवीतल्या रोपापेक्षा तो जोरात वाढतो. त्यालाच जपा.

वळीव पडल्यावर, मग मृग, मग भादवा

दुसरी फेरी पहिल्या-दुसऱ्या वळवानंतर. आठ-दहा दिवसांत काळ्यावर पोपटी बारीक केस आल्यासारखं गवत दिसतं, आणि करवंदीच्या जळक्या जाळीच्या बुडातून तांबूस कोंब. झऱ्याचं पाणी मात्र पिऊ नका, पहिल्या सरींनी सगळी राख त्याच्यात उतरती, पाणी काळपट होतं. त्याच झऱ्यावर वाडीची नळयोजना असंल तर ग्रामपंचायतीला आधीच सांगून ठेवा. आणि या वेळी उतारावरून माती कुठं वाहती ते बघा. गावाची आणि वनखात्याची हरकत नसंल तर पडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकून ठेवायच्या, खणायचं काहीच नाही, नुसत्या आडव्या, पाणी तिथं थबकतं आणि माती मागं राहती. हे मृगाच्या आधी व्हायला पाहिजे. गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, एकदा तो सुरू झाला की उघड्या उतारावरची माती कुणाच्या हातात राहत नाही.

जून-जुलैमध्ये एक फेरी फक्त तण उपटायला. जळून मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी आणि घाणेरी पहिल्यांदा घुसते, गुरं पण खात नाहीत, आणि वाळली की रानमोडी पुढच्या वणव्याला सरपण. पावसात माती मऊ असते तेव्हा लहान रोप मुळासकट सहज येतं, फुलावर यायच्या आत काढायचं. नक्की ओळखू येत नसंल तर गावातल्या माणसाला दाखवून मगच हात घाला. बुटाला चिकटलेलं बी झाडून मगच सड्यावर जा.

आणि मग ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, ज्याच्यासाठी एवढं सगळं. आमच्या सड्यावर त्या वर्षी सोनकी आली, तेरडा आला, ओलसर खळग्यात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर आला. आज्जीला त्याच महिन्यात वर नेली, ती दगडावर बसली आणि बराच वेळ नुसती हात फिरवत राहिली गवतावरून. एक कंदीलपुष्पाचा वेल दिसला तेव्हा मला आरडावं वाटलं. असला वेल दिसला तर खणू नका, कुणाला नेमकी जागा सांगू नका, फोटो काढून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात दाखवा, कंदीलपुष्पांवर तिथं वर्षानुवर्षं काम चाललंय.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. फुलं आली म्हणून काहीजण म्हणतात, बघा, जाळलं की चांगलंच येतं. पहिल्या वर्षी राखेमुळं आणि मोकळ्या उजेडामुळं हिरवं लवकर दिसतं हे खरं आहे, म्हणून तर पूर्वीपासून लोक जाळत आलेत. पण दरवर्षी जाळलं की लहान रोपं एकही मोठी होत नाहीत, पालापाचोळ्याचं खत होत नाही, आणि कुसळी गवताचं राज्य होतं. कुसळीचं बी ओलं-वाळकं होताना पीळ घेतं आणि स्वतःला जमिनीत फिरवून घुसवून घेतं, त्यामुळं ते आगीतून वाचतं, बाकीच्यांचं वर पडलेलं बी जळतं. कुसळं धरली की जनावरं तोंड लावत नाहीत. म्हणजे चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच जायचा. हे पारावर बसून शांतपणे सांगावं लागतं, ओरडून नाही, कारण समोरच्याच्या आज्यानं पण तेच केलेलं असतंय. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणं गुन्हा आहे हे पण सांगा, पण शेवटी सांगा, आधी कुसळाचं सांगा.

आणि पायथ्याला ऊस असंल तर पाचटाचं बोला. तोड झाली की पाचट पेटवायचं, वारा सुटला की बांध ओलांडून आग डोंगराला. आमच्याकडं बहुतेक तसंच झालं असावं. पाचट सरीत दाबलं तर जमिनीला खत होतं, ओल टिकते.

दिवाळीनंतरची फेरी चुकवू नका

सगळ्यात महत्त्वाची फेरी ही, आणि हिला कुणीच येत नाही कारण बघायला काही नसतं, सगळं गवत पिवळं. वनखातं फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा साफ करून ठेवायचा, आग आली तर तिथं अडावी. आपण आपल्या हातानं जाळायचं काही नाही, पण गावाच्या वन समितीबरोबर गवत कापायला जाता येतं. मुख्य म्हणजे आपल्या घळीतल्या प्रत्येक फुटव्याभोवती हातभर-दीड हात गोल जागा विळ्यानं मोकळी करायची, कापलेलं गवत तिथंच न ठेवता खाली आणून जनावरांना द्यायचं. एका माणसाच्या एका सकाळीत पंधरा-वीस फुटवे होतात.

आमच्या जांभळाला बुडातून सात फुटवे आलेत, वरचा शेंडा गेला तो गेलाच. सगळ्यात उंच फुटवा आता माझ्या खांद्याला लागतो. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गवत कापायला चाललोय, सहाला गावातून निघायचं, मामी भाकरी बांधून देणार आहे, विळा ज्याचा त्यानं आणायचा.